अकराव्या नावावरची रेघ

तुइस्कु आइस हॉकी क्लबचं पंच्याहत्तर वर्षांचं पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा इल्पो हावुकोस्कीने नाक मुरडलं होतं. पन्नास वर्षांचं एक पुस्तक आधीच निघालेलं होतं. त्यात शाळेत शिकवून क्लब चालवणाऱ्या आर्वी लेपोनेन मास्तरांचे अकरा फोटो होते, आणि बर्फ तयार करणाऱ्या माणसांपैकी एकाचाही नव्हता. इल्पोने चौतीस वर्षं क्लबच्या हॉलमधला बर्फ सपाट करणारं यंत्र चालवलं होतं. आता पेन्शन सुरू होती, तरी आठवड्यातून तीन सकाळी तो प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोलीत बसून कनिष्ठ संघांच्या पोरांचे स्केट धार लावून द्यायचा. घरी बसून करायचं काय, हा प्रश्न होताच, आणि पोरं येऊन गप्पा मारायची ते त्याला आवडायचं.

पुस्तकाचं काम हेन्रिक्का सोर्मुनेनकडे आलं. ती कोर्तेसाल्मीच्या शाळेत इतिहास शिकवायची. पस्तिशीची, बोलायला शांत, पण एकदा धरलं की न सोडणारी. तिने मंडळाला पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं की १९४९ पासूनच्या प्रत्येक कनिष्ठ संघाची यादी पुस्तकात छापली जाईल. मोठ्या संघात गेले त्यांचीच नावं नाही. एक हिवाळा खेळून सोडून दिलं त्या पोरांचीसुद्धा. मंडळी हसली, मग कुणालाच विरोध करण्यासारखं काही सुचलं नाही, म्हणून हो म्हणाली.

सप्टेंबरातल्या एका सकाळी ती धारेच्या खोलीत आली आणि तिने मागे दार लावून घेतलं. इल्पोने यंत्र बंद केलं. हेन्रिक्का दार लावून बोलणारी बाई नव्हती.

तिने विचारलं, "इल्पो, राउनो हावुकोस्की तुमचा कोण?"

"भाऊ," इल्पो म्हणाला. "मोठा. लहानपणीच गेला."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. अठ्ठावन्न वर्षांत ते नाव त्याला कुणी विचारलं नव्हतं.

हेन्रिक्काने पिशवीतून दोन वह्या काढल्या. जुन्या शाळेच्या माळ्यावर, लेपोनेन मास्तरांच्या कपाटात सापडलेल्या. एक होती १९६५–६६ च्या हंगामातली चौदा वर्षांखालच्या संघाची यादी. अठरा नावं, मास्तरांचं मोत्यासारखं अक्षर. अकराव्या नावावर पट्टी लावून रेघ मारलेली होती, आणि शेजारी लिहिलं होतं: क्लब सोडला, २९ मार्च. दुसरी वही कामाची होती; कुणी बर्फ झाडला, कुणी कंदील लावले, कुणाला हातमोजे दिले. तिच्यात ५ एप्रिलच्या पानावर लिहिलं होतं: बर्फावरच्या फळ्या ओढून किनाऱ्याला आणणे. खाली सहा मुलांची नावं. तिसरं नाव राउनो हावुकोस्की.

"पाच एप्रिललाच ना..." हेन्रिक्का बोलता बोलता थांबली.

"हो," इल्पो म्हणाला. "पाच एप्रिललाच."

त्याला दोन्ही पानं पुन्हा पुन्हा वाचावी लागली. एकोणतीस मार्चला क्लब सोडलेला मुलगा आठवड्यानंतर क्लबचं काम करत होता. मास्तर व्यवस्थित माणूस. त्यांनी यादी आठवणीने दुरुस्त केली होती, कामाची वही मात्र विसरले होते.

इल्पोच्या घरात राउनोची गोष्ट अशी होती: तेरा वर्षांचा मुलगा, बापाने बजावलं होतं की मार्चनंतर कारखान्याच्या नळाजवळ बर्फावर जायचं नाही, कारण कागद कारखान्याचं गरम पाणी तिथे तळ्यात सुटतं आणि बर्फ खालून पोखरला जातो. मुलाने ऐकलं नाही, पाच एप्रिलला एकटाच गेला, बुडाला. बस्. इल्पो तेव्हा आठ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी लेपोनेन मास्तर काळा कोट घालून त्यांच्या स्वयंपाकघरात आले होते हे त्याला नीट आठवत होतं. कॉफी नको म्हणाले. उभ्याउभ्याच म्हणाले की मुलगा चांगला होता, पण आठवड्यापूर्वीच क्लब सोडून गेला होता, आणि बर्फावर जाऊ नकोस असं आपणही त्याला बजावलं होतं. आणि बाबा, कारखान्यात दोन माणसांचं ओझं एकटा उचलणारे बाबा, मान खाली घालून मास्तरांना म्हणाले होते, आमच्या मुलामुळे क्लबला त्रास झाला, माफ करा.

त्या दिवसानंतर बाबांनी राउनोचं नाव घेतलं नाही. फोटो भिंतीवरून उतरला. आई कधीतरी म्हणायची, राउनो तसा नव्हता, सांगितलेलं ऐकायचा. बाबा उठून बाहेर जायचे. पुढे आईनेही म्हणणं सोडलं.

पन्नास वर्षांच्या पुस्तकात त्या वसंताबद्दल एकच वाक्य होतं: क्लबचा सदस्य नसलेला एक मुलगा तळ्यात बुडून गेला, पण मास्तरांनी धीर न सोडता कृत्रिम बर्फाच्या मैदानाचा पाठपुरावा चालू ठेवला. इल्पोने ते वाक्य वाचलं होतं. वाचून पान उलटलं होतं. आता त्या पान उलटण्याचीच त्याला शिसारी आली.

हेन्रिक्काने आणखी एक गोष्ट शोधली होती. त्या वर्षी मे महिन्यात नगरपालिकेत कृत्रिम बर्फाच्या मैदानावर मतदान होतं. तीन मतांनी ते मंजूर झालं. क्लबच्या कामावर असलेला क्लबचा मुलगा महिनाभर आधी बुडाला असता, तर त्या तीन मतांचं काय झालं असतं, हे तिने सांगितलं नाही आणि इल्पोलाही विचारावं लागलं नाही. मैदान झालं, पुढे त्यावर छप्पर चढलं, मास्तर गेल्यावर त्यांचं नाव दारावर लागलं. लेपोनेन हॉल. इल्पोने त्या नावाखालून चौतीस वर्षं ये-जा केली होती.

सहा नावांतली दोन मुलं पुढे स्वीडनला कामाला गेली ती तिकडचीच झाली. दोघे वारले होते. एक राउनो. उरला एक, आणि त्याचं नाव यादीत सगळ्यात वर होतं: योउको लाम्पिला.

इल्पोने पानांच्या प्रती मागून घेतल्या, कोट चढवला आणि निघाला. चार पोरांचे स्केट धारेविना तसेच राहिले.

योउको म्हणजे इल्पोचा सगळ्यात जवळचा माणूस. वयाने पाच वर्षं मोठा. मोठ्या संघात नऊ हंगाम खेळलेला, ज्याचा चौदा नंबरचा शर्ट हॉलच्या छताला टांगलेला आहे असा. इल्पोच्या लग्नात तो शेजारी उभा राहिला होता. हॉलमधली नोकरी त्यानेच शब्द टाकून मिळवून दिली होती. गेली चाळीस वर्षं दर शनिवारी दोघे इल्पोच्या सौनाच्या वाफेत बसायचे, एकमेकांची खोडी काढायचे, आणि मग पायरीवर बसून सॉसेज खायचे.

योउको किनाऱ्यावर होता. हिवाळ्यासाठी बोट पालथी घालून तिचा तळ खरवडत होता. इल्पोला पाहून त्याने हात वर केला.

"काय रे, आज बुधवार आहे. शनिवार समजून आलास की काय? म्हातारा झालास."

इल्पोने कागद बोटीच्या तळावर ठेवले. "वाच."

योउकोने हात पँटला पुसले, चष्मा शोधला, वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढला नाही. तळ्याकडे बघत राहिला.

"खरं आहे का?" इल्पोने विचारलं.

"खरं आहे."

इल्पोला वाटलं होतं तो आठवत नाही म्हणेल, अंगावर येईल. त्या सगळ्याची तयारी करून तो आला होता. हो ऐकायची तयारी त्याने केली नव्हती.

मग योउकोने सांगितलं. बोटीला टेकून, हळूहळू, पण कुठे न अडखळता. मनात हजारदा म्हणून झालेलं असावं तसं. हंगाम संपला होता आणि गोठलेल्या तळ्यावरच्या मैदानाच्या कठड्याच्या फळ्या बर्फ फुटायच्या आत किनाऱ्याला आणायच्या होत्या. ते काम मोठ्या माणसांचं. पण माणसं कारखान्यात होती, म्हणून मास्तरांनी शाळा सुटल्यावर सहा मुलं घेतली. थोडा वेळ किनाऱ्यावर उभे राहिले, मग शिक्षकांच्या बैठकीला निघून गेले. जाताना म्हणाले, मी येईपर्यंत एकही फळी बर्फावर दिसता कामा नये. शेवटच्या दोन फळ्या वाऱ्याने सरकून नळाच्या बाजूला जाऊन गोठल्या होत्या. राउनो म्हणाला, तिकडे बर्फ काळा आहे, बाबांनी तिकडे जायचं नाही सांगितलंय. मुलांनी त्याला चिडवलं. आणि योउको त्याला म्हणाला, तू हलका आहेस, तू पुढे हो, मी पहार घेऊन मागून येतो.

"मीच म्हणालो," योउको म्हणाला. "बाकी कुणी नाही."

बर्फ मोडला तेव्हा योउको पोटावर पडून पहार पुढे करत राहिला. पहार पोचली नाही. संध्याकाळी पोलीस यायच्या आधी मास्तरांनी पाचही मुलांना शाळेच्या सामानाच्या खोलीत उभं केलं. ओरडले नाहीत. म्हणाले, राउनो परत येणार नाही. पण ही गोष्ट बाहेर गेली तर तुम्हाला, तुमच्या धाकट्या भावांना कधी खरं मैदान मिळणार नाही. मग प्रत्येकाला विचारलं, तुला मैदान हवंय ना? प्रत्येकाने हो म्हटलं.

"तेरा वर्षांचा होतो मी, इल्पो."

"ते मी धरतच नाही," इल्पो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने हात खिशात घातले. "तेरा वर्षांचं पोर मास्तरांना घाबरणारच. पण बाबा गेले तेव्हा तू अडतीस वर्षांचा होतास. त्यांची शवपेटी तू उचललीस. डाव्या बाजूला, माझ्यापुढे. तेव्हा काय झालं होतं तोंडाला?"

"तेव्हा मास्तर जिवंत होते."

"मास्तर अठ्ठ्याण्णव साली गेले. त्यालाही सव्वीस वर्षं झाली."

योउकोने चष्मा काढला. "त्यानंतर तुझी भीती वाटायची," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर आपले शनिवार गेले असते."

"मग आता गेले," इल्पो म्हणाला.

तो वळला, चार पावलं गेला आणि परत आला. एक गोष्ट विचारायची राहिली होती.

"नोकरी का लावून दिलीस मला?"

"तुला गरज होती म्हणून."

"खोटं बोलू नकोस. आता तरी."

योउकोने मान खाली घातली. नोकरी, बोटीचं इंजिन, लग्नातलं भाषण, बायकोच्या आजारपणात रात्ररात्र इस्पितळात बसणं; चाळीस वर्षांचा एकूण एक चांगुलपणा इल्पोच्या डोळ्यांपुढून गेला आणि एकेकाचा रंग उडत गेला. भाऊ बुडाला हे दुःख जुनं होतं, त्याला खपली धरली होती. हे नवं होतं. या माणसाने त्याच्याकडून मित्रही काढून घेतला होता.

पुढच्या आठवड्यात मंडळाने इल्पोला बोलावलं. अध्यक्ष मार्कुस हाल्लामा चाळिशीचा, वायरिंगची कामं घेणारा, कुणालाही न दुखावता बोलायची सवय असलेला माणूस. टेबलावर कॉफी आणि वेलची घातलेले पाव होते. मार्कुसने सांगितलं की सगळ्यांनाच वाईट वाटलं आहे. यादीत नाव जाईल, रेघ न मारता. नोव्हेंबरातल्या सामन्याआधी एक मिनिट शांतता पाळू. चौदा वर्षांखालच्या उत्तम खेळाडूला राउनोच्या नावाने करंडक देऊ.

"आणि त्याला फळ्या ओढायला कुणी पाठवलं, ते?" इल्पोने विचारलं.

मार्कुसने कप फिरवला. तिथे जरा अवघड आहे, असं तो म्हणाला. मास्तरांची नातवंडं गावात आहेत. हॉलला त्यांचं नाव आहे. आणि जो माणूस उत्तर द्यायला हयात नाही, त्याच्यावर असं लिहिणं...

"माझा भाऊसुद्धा हयात नव्हता," इल्पो म्हणाला. "त्याच्यावर लिहिलंत की. क्लबचा सदस्य नसलेला मुलगा. तेव्हा कुणाचा हात थांबला नाही."

"ते पुस्तक आमचं नाही, इल्पो. आम्ही तेव्हा मंडळात नव्हतो."

"हे पुस्तक तुमचं आहे ना? करंडक नको मला. शांतता तर मुळीच नको. अठ्ठावन्न वर्षं शांतताच आहे. अठरा नावं छापा, आणि खाली एक ओळ, काय झालं ती."

मंडळातल्या एकाने हळूच म्हटलं की यातून आता कुणाला काय मिळणार. इल्पोने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही पोरांचे स्केट इल्पोने सहा-सहा वर्षं धार लावून दिले होते. इल्पोने खिशातून धारेच्या खोलीची किल्ली काढली, पावांच्या ताटाशेजारी टाकली आणि कॉफीला हात न लावता बाहेर पडला.

नंतरचं त्याला हेन्रिक्काकडून कळलं. त्याच बैठकीत तिने सांगितलं की ओळ नसेल तर पुस्तकावर माझं नाव नको, आणि मजकूरही नको. मंडळाने विचार करायला आठवडा मागितला. त्या आठवड्यानंतरच्या बैठकीत योउको लाम्पिला न बोलावता येऊन बसला. त्याने हाताने लिहिलेली दोन पानं वाचून दाखवली, मास्तर काय म्हणाले, आपण राउनोला काय म्हणालो, पोलिसांना काय खोटं सांगितलं, सगळं. हे माझ्या नावाने छापा, म्हणाला. नसेल छापायचं तर पंच्याहत्तरीच्या समारंभात तुम्ही मला मानाचा पाहुणा म्हणून उभा करणारच आहात, तिथे वाचतो. मार्कुस हाल्लामाने ती पानं घेतली. यादी छापायला गेली, यादीखाली ओळ गेली, आणि पुढच्या पानावर योउकोचं निवेदन.

"वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत," हेन्रिक्का म्हणाली. तिला वाटलं, हे ऐकून इल्पोला बरं वाटेल.

इल्पोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस मिनिटं. दोन पानं आणि वीस मिनिटं, एवढंच लागणार होतं. बाबा जिवंत असताना लागली असती तरी तेवढीच लागली असती. हे त्याने हेन्रिक्काला बोलून दाखवलं नाही. तिच्यावर त्याचा राग नव्हता. साऱ्या गावात तिच्या एकटीवरच नव्हता. त्याने तिचे आभार मानले आणि तिच्या मुलाचे स्केट घरी घेऊन ये म्हणून सांगितलं. घरीही धारेचं छोटं यंत्र होतं.

ऑक्टोबरात नगरपालिकेत कुणीतरी हॉलचं नाव बदलायचा ठराव मांडला. तेवीस विरुद्ध चार मतांनी तो पडला. मास्तरांचं एकूण योगदान पाहता, असं कायसं म्हटलं होतं. इल्पोने ती बातमी वाचली, वर्तमानपत्र चुलीत घातलं आणि हॉलकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. आजवर तो ते पाळत आला आहे.

योउको एका शनिवारी आला. पायरीच्या खालीच उभा राहिला, टोपी हातात.

"छापलंय, वाचलंस?" त्याने विचारलं.

"वाचलं. चांगलं लिहिलंयस."

"मी आत येऊ का?"

"नको," इल्पो म्हणाला. "मी बोलावलं तर ये. बोलावीनच असं नाही."

योउकोने मान हलवली आणि गेला. त्याची चाल पाठमोरी पाहताना इल्पोला त्याची दया आली नाही असं नाही. पण रागापुढे तिचं काही चाललं नाही.

समारंभाला इल्पो गेला नाही. त्याआधीच्या शनिवारी संतांचा दिवस होता, गावातली माणसं दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातात तो. दुपारी तीनलाच उजेड ओसरायला लागला होता. इल्पो पुस्तक पिशवीत घेऊन गेला. आईबाबा आणि राउनो एकाच दगडाखाली आहेत. मेणबत्ती लावायची, ते पान काढायचं, मनातल्या मनात वाचायचं आणि परत यायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. आपला राग मास्तरांवर आहे, योउकोवर आहे, अशी त्याची समजूत होती.

त्याने मेणबत्ती लावली, पान काढलं, आणि बाबांचं नाव समोर दिसलं तसं त्याचं डोकं भणाणलं.

"विचारलं का नाहीत?" तो म्हणाला. मनात नाही, तोंडाने, मोठ्याने. "आई सांगत होती ना, तो तसा नव्हता. त्याने तुमचंच नाव घेतलं होतं त्या बर्फावर. बाबांनी जायचं नाही सांगितलंय म्हणाला. आणि तुम्ही त्या माणसाची माफी मागितलीत. कोट घालून आलेल्या माणसाचं खरं मानलंत, आपल्या पोराचं नाही. एकदा त्या पाच पोरांना जाऊन विचारायचं होतंत. एकदा."

दोन दगड पलीकडे मेणबत्ती लावणारी एक बाई वळून बघायला लागली. इल्पोने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तो आणखी बोलला, राउनोच्या उतरवलेल्या फोटोबद्दल, आईला गप्प केल्याबद्दल, आपल्यालाही वाढत्या वयात त्या भावाची लाज वाटायला लावल्याबद्दल. घसा दुखेपर्यंत बोलला. मग पुस्तक पिशवीत घातलं, आईच्या बाजूचा बर्फ हाताने झाडला, राउनोच्या नावातल्या अक्षरांमधलं शेवाळ नखाने काढलं. बाबांच्या नावाला हात लावला नाही.

दारापाशी ती बाई त्याला गाठून म्हणाली, सगळं ठीक आहे ना. इल्पो म्हणाला, नाही. आणि बसथांब्याकडे चालू लागला.